एनिग्माचे कोडे

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य ‘एनिग्मा’ हे गूढलेखन यंत्र वापरीत असे. त्यातील परावर्तकामुळे कोणतेही अक्षर स्वतःच्याच रूपात उमटत नसे. हेच त्याचे मर्मस्थान ठरले.

उदाहरणार्थ, ‘प म र ल ब’ या गूढसंदेशात ‘कमल’ दडले आहे. पहिल्या अक्षरापासून ताडल्यास ‘म’खाली ‘म’ येतो. दुसऱ्यापासून ताडल्यास ‘ल’खाली ‘ल’. दोन्ही जागा बाद! उरते तिसरी : ‘र ल ब’ म्हणजेच ‘कमल’.

ब्रिटनमधील ब्लेचली पार्क येथे ॲलन ट्युरिंग व सहकारी असेच अपेक्षित शब्द ताडून, १९४० पासून ‘बॉम्ब’ नामक यंत्राच्या साहाय्याने, एनिग्माची त्या दिवसाची जुळणी शोधीत. त्यामुळे अटलांटिकमधील अनेक जहाजे वाचली.

अंदाज बांधता येणारा शब्द भक्कम कुलूपही उघडतो. पासवर्ड निवडताना हे स्मरावे.