शब्द एक, अर्थ अनेक

(इंग्रजीतील ‘रन’ हा शब्द क्रिकेटमुळे सर्वांना माहीत आहे. हा लहानसा शब्द किती निरनिराळ्या अर्थांनी येतो आणि त्यासाठी मराठीत कोणकोणते शब्द वापरावे लागतात, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

‘रन’ हा इंग्रजी शब्द तुमच्यापैकी कोणाला ठाऊक नाही? गल्लीत रबरी चेंडूने खेळणारे लहान मूलही ‘एक रन झाला’ असे ओरडते. मराठीत या रनला ‘धाव’ म्हणतात. ‘रन’ म्हणजे उर्दूत ‘दौड़ना’ आणि मराठीत ‘धावणे’. अर्थ सापडला, असे आपल्याला वाटते. पण खरी गंमत पुढेच आहे.

इंग्रजीत मुलगा धावतो, तेव्हा ‘रन’ येतो. नळाचे पाणी वाहते, तेव्हाही ‘रन’ येतो. सर्दीने नाक वाहते, यंत्र चालते, कोणी दुकान चालवतो, नव्या कापडाचा रंग जातो, रस्ता नदीच्या काठाने जातो, या सर्वांसाठी इंग्रजी माणूस ‘रन’ हाच शब्द वापरतो. मराठीत मात्र आपण निरनिराळी क्रियापदे घेतो. ‘माझे नाक धावते’ किंवा ‘कापडाचा रंग पळतो’ असे म्हटले, तर ऐकणारा हसेल.

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश जगप्रसिद्ध आहे. १९८९ साली त्याची दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली. तिच्यात सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ या छोट्या शब्दाची होती. पुढे ‘रन’ची नोंद नव्याने तयार करण्यात आली. २०११ साली असे जाहीर झाले, की केवळ क्रियापद म्हणून ‘रन’चे ६४५ अर्थ भरले आहेत! हे काम पीटर गिलिव्हर या कोशकारांनी केले. या एका शब्दासाठी त्यांना सुमारे नऊ महिने लागले.

इतके अर्थ शोधायचे कसे? त्याची रीत जेम्स मरे यांच्या कामातून कळते. मरे हे एका शिंप्याचे पुत्र. चौदाव्या वर्षी त्यांना शाळा सोडावी लागली. तरीही ते स्वतःच्या बळावर अनेक भाषा शिकले आणि शिक्षक झाले. १८७९ साली त्यांनी या कोशाचे संपादन हाती घेतले. त्यांनी लोकांना विनंती केली, की पुस्तके वाचा आणि एखादा शब्द ज्या वाक्यात आला असेल, ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवा. अशा लाखो चिठ्ठ्या जमल्या. त्या ठेवण्यासाठी मरे यांनी बागेत पत्र्याची खोली बांधली होती. एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या समोर मांडायच्या, वाक्ये वाचायची आणि मग अर्थ ठरवायचा, असे काम चाले. १९१५ साली मरे वारले आणि कोश १९२८ साली पुरा झाला. शब्दाचा अर्थ त्याच्या वाक्यातून शोधावा, हा या कोशाचा मोठा धडा आहे.

आता प्रश्न असा, की एका शब्दाला एवढे अर्थ का चिकटतात? नीट पाहिले, तर त्यांच्यात एक धागा दिसतो. ‘रन’चा मूळ अर्थ पायांनी वेगाने जाणे असा आहे. पाण्याला पाय नसतात, पण तेही न थांबता पुढे जाते. यंत्रेही न थांबता फिरतात. म्हणून वाफेची इंजिने आणि आगगाड्या आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी लोकांनी नवा शब्द घडवला नाही. जुनाच ‘रन’ वापरला. आपणही तेच केले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली, असे आपण म्हणतोच ना? पुढे यंत्राप्रमाणे दुकान, शाळा आणि कारखाना चालवण्यासाठीही ‘रन’ आला. आता संगणकावरचा प्रोग्रॅमही ‘रन’ होतो.

प्रत्येक भाषेची रीत मात्र वेगळी असते. अमेरिकेत निवडणुकीचा उमेदवार ‘रन’ करतो, म्हणजे जणू धावतो. इंग्लंडमधील उमेदवार ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. आपला उमेदवारही मराठीत निवडणुकीला ‘उभा राहतो’ आणि उर्दूत इलेक्शनमध्ये ‘खड़ा होता है’. निवडणूक तीच, पण कोणी धावतो, कोणी उभा राहतो! क्रिकेटचे रेडिओवरील वर्णन इंग्रजीत ‘रनिंग कॉमेंट्री’ असते. मराठीने त्याचे ‘धावते वर्णन’ केले आणि ते छान रुळले. हिंदी आणि उर्दू बोलणारे मात्र त्याला ‘आँखों देखा हाल’ म्हणू लागले. तोही शब्द किती सुंदर आहे!

आता आपल्या स्वतःच्या अडचणीकडे वळू. आपण घरी उर्दू बोलतो. उर्दूतील ‘चलना’ हे क्रियापद ‘रन’सारखेच बहुगुणी आहे. ‘घड़ी चलती है’ याचे मराठी ‘घड्याळ चालते’ असे होते. ‘दुकान चलती है’ म्हणजे ‘दुकान चालते’. येथवर सारे सोपे आहे. म्हणून आपण पुढेही तसेच लिहीत जातो आणि फसतो. ‘हवा चल रही है’ याचे मराठी ‘हवा चालत आहे’ असे नाही. ‘वारा वाहत आहे’ किंवा ‘वारा सुटला आहे’ असे म्हणावे. ‘मुझे पता चला’ याचे मराठी ‘मला पत्ता चालला’ असे केले, तर कोणाला काहीच समजणार नाही. मराठीत ‘पत्ता’ म्हणजे राहण्याचे ठिकाण. येथे ‘मला समजले’ किंवा ‘मला कळले’ असे म्हणावे. ‘गोली चली’ याचे मराठी ‘गोळी सुटली’ असे होते.

तुम्ही म्हणाल, “एखादा शब्द चुकला तर काय बिघडले? फार तर एक गुण जाईल.” पण गोष्ट गुणांपुरती नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत दादीला किंवा नानीला केवळ उर्दू येते. डॉक्टर कागदावर इंग्रजीत लिहितात. औषधाच्या दुकानातील माणूस मराठीत बोलतो. मध्ये कोण उभे असते? शाळेत जाणारा नातू किंवा नात! समजा, दादीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल कागदावर ‘डू नॉट लेट द टॅब्लेट्स रन आउट’ असे लिहिले आहे. क्रिकेटच्या नादी लागलेला नातू म्हणेल, “गोळ्या धावबाद होऊ देऊ नका!” घरात सारे हसतील आणि कागद बाजूला पडेल. त्याचा खरा अर्थ ‘गोळ्या संपू देऊ नका’ असा आहे. म्हणजे डबी रिकामी होण्याआधीच नव्या गोळ्या आणायच्या. हे दादीला कळले नाही, तर चार दिवस ती गोळीविना राहील आणि तिच्या जिवाला धोका होईल. तसेच, मधुमेह घराण्यात ‘रन’ होतो का, असे डॉक्टरांनी विचारले, तर घरात कोण धावतो हे सांगायचे नसते. आईवडील, आजीआजोबा यांपैकी कोणाला तो आजार होता का, हे सांगायचे असते.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, शब्द एकटा पाहू नका. पूर्ण वाक्य वाचा. दुसरी, शब्दकोश उघडला की पहिल्याच अर्थावर थांबू नका. खालचे अर्थही वाचा आणि आपल्या वाक्यात कोणता बसतो ते पाहा. तिसरी, मराठीत लिहिताना मनाला विचारा, की शेजारचा मराठी माणूस ही गोष्ट कशी बोलेल? शंका आली, तर त्याला सरळ विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

शब्द माणसासारखाच असतो. एकच माणूस घरी अब्बा असतो, दुकानात शेठ असतो आणि आपल्या आईपुढे मूल असतो. तो कोणाबरोबर आहे, हे पाहिल्यावरच त्याला काय म्हणावे ते ठरते. शब्दाचेही तसेच आहे.

शब्दार्थ
कोश – लुगत. नोंद – इंदराज. खंड – जिल्द. आवृत्ती – एडिशन. रुळणे – वापरात येणे. बहुगुणी – अनेक गुण असलेला. घराणे – खानदान.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. क्रिकेटमधील ‘रन’ला मराठीत काय म्हणतात?
२. शब्दकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद कोणत्या शब्दाची होती?
३. जेम्स मरे यांनी लोकांना कोणती विनंती केली?

प्र. २. कंसातील योग्य क्रियापद निवडून वाक्ये पूर्ण करा. (संपले, वाहते, जातो, चालवतात)
१. सर्दीमुळे रेहानाचे नाक ______.
२. सलीमचे चाचा किराणा दुकान ______.
३. धुतल्यावर या ओढणीचा रंग ______.
४. घरातील तेल ______.

प्र. ३. मराठीत भाषांतर करा.
१. आज ठंडी हवा चल रही है।
२. मुझे कल पता चला।

प्र. ४. कागदावरील सूचनेचा चुकीचा अर्थ लावला, तर कोणते नुकसान होऊ शकते, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

उपक्रम : उर्दूतील ‘लगना’ हे क्रियापद घेऊन दहा वाक्ये जमवा. प्रत्येकाचे मराठी भाषांतर मराठी बोलणाऱ्या शेजाऱ्याकडून तपासून घ्या.