ब्लॉगचे स्थलांतर : चालत्या यंत्रणेतून स्थिर पानांकडे

शाळेचे उपक्रम, गावच्या पाणीयोजनेचा इतिहास, शिक्षकांनी परिश्रमपूर्वक तयार केलेले पाठ असे कितीतरी मराठी लेखन गेल्या पंधरा-वीस वर्षांत ब्लॉगांवर साठले आहे. त्यातील काही वर्डप्रेससारख्या आशय-व्यवस्थापन प्रणालीवर उभे आहे. लेखन चालू असेपर्यंत ही प्रणाली उत्तम काम देते. परंतु लिहिणाऱ्याची बदली झाली वा तो निवृत्त झाला, की मागे जुना लेखसंग्रह तेवढा उरतो आणि त्याच्या रक्षणासाठी सारी यंत्रणा चालू ठेवावी लागते. अशा संग्रहाला स्थिर पानांचे रूप देताना काय सांभाळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन पद्धतींतील भेद

वर्डप्रेसमध्ये लेख हा तयार पान म्हणून ठेवलेला नसतो. त्याचा मजकूर डेटाबेसच्या तक्त्यांत असतो. वाचकाने पत्ता उघडला की पीएचपी भाषेतील आज्ञावली तो मजकूर काढते, त्यावर सजावट चढविते आणि पान रचून धाडते. स्थिर पद्धतीत पान एकदाच रचून फाइलीत ठेवतात. सर्व्हरने ती फाइल उचलून द्यावयाची, एवढेच. ही कल्पना नवी नव्हे. १९९१ साली सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगाला खुले केलेले पहिले संकेतस्थळ स्थिर पानांचेच होते. पुढे २००८ मध्ये आलेल्या जेकिल व २०१३ मध्ये आलेल्या ह्यूगो या आज्ञावलींनी तीच वाट ब्लॉगलेखकांसाठी पुन्हा रुळविली.

चालत्या यंत्रणेला देखभाल लागते, आणि ती थांबली की धोका संभवतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये द्रुपल या अशाच प्रणालीत एक गंभीर दोष उघड झाला. दुरुस्ती जाहीर झाल्यापासून सात तासांच्या आत जी स्थळे दुरुस्त झाली नाहीत, ती परक्यांच्या हाती गेली असे समजूनच चालावे, असा इशारा द्रुपलच्याच सुरक्षा-गटाने दिला होता. सात तास! ज्या ब्लॉगकडे सात महिन्यांत कोणी फिरकलेले नाही, त्याची गोष्टच नको. स्थिर पानांमागे डेटाबेस नसतो आणि चालणारी आज्ञावलीही नसते, त्यामुळे ही वाट बंद होते. सर्व्हरच्या खात्याचा पासवर्ड मात्र जपावाच लागतो.

दप्तर ताब्यात घेताना

पहिली गफलत छायाचित्रांबाबत होते. वर्डप्रेसमधील ‘निर्यात’ ही सोय एक एक्सएमएल फाइल देते. तीत लेख, तारखा व प्रतिक्रिया असतात. चित्रे नसतात, चित्रांचे केवळ पत्ते असतात. ही फाइल घेऊन जुने खाते बंद केले तर लेख वाचतात आणि छायाचित्रे कायमची जातात. म्हणून ‘अपलोड्स’ हा फोल्डर स्वतंत्रपणे उतरवून घेणे अगत्याचे आहे.

दुसरी अडचण खास आपल्या लिपीची आहे. लेखाच्या शीर्षकावरून वर्डप्रेस त्याचा पत्ता बनविते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा हलन्त, पत्त्यात नऊ चिन्हांची जागा घेते आणि या भागाला मर्यादा आहे २०० चिन्हांची. ‘आमच्या गावच्या पाणीपुरवठा योजनेचा इतिहास’ हे शीर्षक घेतले, तर पत्ता ‘आमच्या-गावच्या-पाणीपुरवठ’ येथेच तुटतो; ‘ठा’चा कानादेखील मावत नाही. नव्या आज्ञावलीने शीर्षकावरून पूर्ण पत्ता बनविला, तर तो दिसावयास सुबक, पण जुन्याशी न जुळणारा होतो. मग अन्य ठिकाणी दिलेले दुवे आणि शोधयंत्रांतील नोंदी निकामी होतात. पत्ता नव्याने बनवू नये. निर्यात-फाइलीत प्रत्येक लेखापुढे नोंदलेला जुना तुटका पत्ताच घ्यावा. तो बदलणे अटळच असेल, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे पुनर्निर्देशन ठेवावे.

युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलिखित केलेला मजकूर असल्यास त्याचे रूपांतर याच वेळी उरकावे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर असा मजकूर निरर्थक अक्षरांची रांग होऊन बसतो.

काय गमवावे लागते

जुन्या प्रतिक्रिया लेखाखाली छापून ठेवता येतात, परंतु नव्या स्वीकारण्यास वेगळी सोय लागते. शोध व अर्जांचे नमुने यांचेही तसेच. जेथे नागरिकांचे अर्ज घेतले जातात किंवा अनेक जण दररोज लिहितात, तेथे हा बदल करू नये असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रणालीच्या चौकटीत लिहिण्याची सवय असलेल्या शिक्षकास फाइली हाताळणे आरंभी जिकिरीचे वाटेल, हेही ध्यानात घ्यावे.

रूपांतर झाल्यावर जुन्या पत्त्यांची यादी घेऊन प्रत्येक पान, त्यातील चित्र व लेखाची मूळ तारीख पडताळावी. पडताळणी पुरी होईतो जुने खाते बंद करू नये, आणि नंतरही निर्यात-फाइल व डेटाबेसची प्रत दोन ठिकाणी ठेवावी. संकेतस्थळाचे नाव कोणा एका व्यक्तीच्या नावे नोंदलेले असल्यास तिची बदली होण्यापूर्वी ते संस्थेच्या नावे करून घ्यावे, व नूतनीकरणाची तारीख कार्यालयाच्या नोंदवहीत लिहावी.