शाळेच्या बसचा हिशेब

शाळेच्या बसगाड्यांचे मालक किंवा चालक काम बंद ठेवणार, अशी वार्ता वर्तमानपत्रात आली की घरोघरी दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हे लोक मुलांना वेठीस धरतात. दुसरा म्हणतो, पोट कोणाला सुटले आहे? दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे; परंतु तेथेच थांबल्यास विषय होता तसाच राहतो. बसवाल्यांच्या सर्व मागण्या एका जातीच्या नसतात. काही निव्वळ पैशाच्या असतात, काही मुलांच्या जिवाशी खेळणाऱ्या असतात, आणि काही वरून पैशाच्या दिसल्या तरी आतून मुलांच्याच हिताच्या असतात. त्या निवडून कशा पाहाव्यात, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

गोमंतकाला हा वाद नवा नाही. आमच्या कोंकणीत जुनी माणसे बसला अजून ‘कारेर’ म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. त्यांच्या राजवटीत, आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही जवळजवळ वीस वर्षे, येथील प्रवासी वाहतूक खाजगी मालकांच्या हाती होती. मुक्तीनंतर गावोगावी शाळा निघाल्या, मुले पुढील शिक्षणासाठी डिचोली, म्हापसे, फोंडे गाठू लागली, आणि रोजचे भाडे गरीब घराला जड होऊ लागले. १९७८-७९ साली विद्यार्थ्यांनी अर्ध्या तिकिटाची मागणी लावून धरली. शशिकला काकोडकर यांचे मंत्रिमंडळ तेव्हा अधिकारावर होते. आंदोलन गोवाभर गाजले. विद्यार्थ्यांची बाजू न्याय्य होती, याविषयी आज कोणी शंका घेत नाही. पण बसमालकाच्या ठिकाणी क्षणभर उभे राहून पाहा: डिझेल पूर्ण किमतीचे, टायर पूर्ण किमतीचा, मग तिकीट तेवढे अर्धे कसे? उरलेले अर्धे कोणी द्यावयाचे?

या प्रश्नाचे एक उत्तर १९८० साली कदंब परिवहन महामंडळाच्या स्थापनेने मिळाले. सार्वजनिक महामंडळाची गाडी तोट्यात चालली तर तो तोटा सर्वांच्या तिजोरीतून भरून निघू शकतो. एकट्या मालकाच्या खिशातून तो भरून निघत नाही. म्हणूनच गणवेशातील मुलांचा घोळका दिसला की एखादी खाजगी बस थांब्याच्या पुढे जाऊन उभी राहते, आणि मुले दप्तरे सावरीत तिच्यामागे धावतात. ही धाव म्हणजे न भरलेल्या अर्ध्या तिकिटाची किंमतच होय.

आता थोडे गणित करू. आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत. समजा, आठ मुलांच्या आसनांची एक व्हॅन आहे. डिझेल, कर्जाचा हप्ता, विमा, दुरुस्ती व चालकाचा निर्वाह मिळून महिन्याचा खर्च २४,००० रुपये येतो. म्हणजे दर मुलामागे ३,००० रुपये पडावेत. पालक म्हणतात, आम्ही १,५०० च्या वर देणार नाही. चालक घासाघीस करीत नाही. तो सोळा मुले बसवतो. पालक संतुष्ट, चालक संतुष्ट, आणि आठ मुले दुसऱ्या आठ मुलांच्या मांडीवर!

कायदा आहे ना, असे कोणी विचारील. आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे प्रवासी वाहनात क्षमतेबाहेरील प्रत्येक प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. (लहान मुलांच्या बाबतीत काही ठिकाणच्या नियमांत आसनसंख्येहून थोडी अधिक मुभा असते, आपली मुले बारा वर्षांवरील आहेत असे धरू.) आठ जास्त मुलांचे १,६०० रुपये झाले. त्याच आठ मुलांपासून उत्पन्न मात्र १२,००० रुपये! महिन्यातून एकदा दंड भरूनही धंदा किफायतीचाच ठरतो. शिवाय त्याच कलमानुसार जास्तीचे प्रवासी उतरवून त्यांची दुसरी व्यवस्था झाल्याखेरीज गाडी हलवता येत नाही. आषाढाच्या पावसात आमोण्याच्या रस्त्यावर आठ मुलांची दुसरी व्यवस्था कोण आणि कोठून करणार? अर्थात पोलीसही पाहून न पाहिल्यासारखे करतात. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की भाडेवाढीच्या मागणीला पालकांनी सरसकट नकार देऊ नये. खर्चाचा कागद मागावा, तो तपासावा, आणि रास्त असेल ते देऊन आसनामागे एकच मूल, ही अट घालावी.

या अटीत मात्र तडजोड नको. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वजिराबाद येथे शाळेची बस यमुनेत कोसळून २८ मुले दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शालेय बसगाड्यांविषयी निर्देश दिले: अनुभवी चालक, सोबत सहायक, वेगावर नियंत्रण ठेवणारे यंत्र, खिडक्यांना आडवे गज, प्रथमोपचाराची पेटी. वेगनियंत्रकामुळे खेपा कमी होतात, अशी तक्रार ऐकू येते. खेपा कमी होतात हे खरे. परंतु भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे की ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० ने जाणाऱ्या गाडीला ते सव्वादोनपट लागते. मांडवीकाठच्या आपल्या वळणावळणांच्या रस्त्यावर एवढे अंतर मोकळे मिळेलच असे नाही.

याउलट प्रकारची एक मागणी मुंबईकडे निघाली. जुलै २०२५ च्या आरंभी महाराष्ट्रातील शालेय बसमालकांनी बेमुदत संपाची हाक दिली. शाळेसमोर मुले उतरवण्यासाठी गाडी थांबली तरी यंत्राद्वारे दंडाची पावती फाटते, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते. ते वरवर पैशाचे दिसते. पण विचार करा, दंडाच्या भीतीने चालक काय करील? गाडी दूर उभी करील, किंवा मुलांना घाईने उतरवील. बसप्रवासात बसमधून उतरून रस्ता ओलांडण्याचा क्षण मोठ्या धोक्याचा असतो. आमच्या डिचोली तालुक्याला हे सांगावयास नको. २०१२ साली खाणी बंद होण्यापूर्वी खनिजवाहू ट्रकांची रीघ येथल्या मुलांनी पाहिली आहे, आणि २०२४ पासून डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. तेव्हा थांब्यासाठी आखून दिलेली जागा मागणारा बसवाला आपल्याच मुलांचे काम करीत असतो. पंचायतीने ती मागणी स्वतःहून पुरी करावी.

शेवटी बालरथाविषयी. २०१० च्या दशकात गोवा शासनाने अनुदानित शाळांना बालरथ दिले. मुलांकडून भाडे घेतले जात नाही. म्हणजे येथे अर्ध्या तिकिटाचाही प्रश्न मिटला! पण हिशेब कोठेतरी निघतोच. चालक व सहायक यांची नेमणूक शाळेच्या व्यवस्थापनाची, पैसा शासकीय अनुदानाचा. त्यामुळे ते नेमके कोणाचे नोकर, हे संदिग्ध राहिले. वेतनवाढ व कायम नोकरी यांसाठी त्यांनी वेळोवेळी आंदोलने केली, आणि त्या दिवसांत मुलांची गैरसोय झाली. गैरसोय खरीच. तरी पुढच्या पालकसभेत बालरथाचा विषय निघेल तेव्हा पालकांनी एवढे अवश्य विचारावे: तिठ्यावर आधी स्वतः उतरून, हात आडवा धरून ट्रक थांबविणारी आणि पहिलीतले मूल आजीच्या हाती सोपवूनच गाडीत परतणारी ती सहायक बाई महिन्याला काय घेते, आणि ते तिला कोणत्या तारखेला मिळते?