वालाची सोलणावळ

माझं माहेर पेणचं, सासर रोह्याचं. दोन्ही गावं एकाच रेल्वेमार्गावर, तरी लग्न झाल्यावर वर्षभराने मी थेट मस्कतला गेले. यांची नोकरी तिथे होती. पंधरा वर्षं तिथे संसार केला, मग रोह्याला परत आलो. आता लेक न्यू जर्सीत एडिसनला असते. तिच्याकडे दोन-तीन वर्षांनी चार-सहा महिने राहणं होतं. म्हणजे तीन देशांत मी स्वतः पिशवी घेऊन बाजार केला. रोह्यात कुणी भेटलं की हमखास विचारतं, “काकू, तिकडे सगळं महाग असेल ना हो?” एका शब्दात उत्तर देता येत नाही. जे कळलं ते इथे लिहिते.

१. गुणाकार पहिल्या महिन्यातच सोडावा.

१९९६ साली एका रियालला नव्वदच्या आसपास रुपये पडत. मस्कतच्या दुकानात उभी राहून मी प्रत्येक वस्तूची किंमत नव्वदने गुणायचे. टोमॅटो हातात घ्यायचे, मनात आकडा आला की परत ठेवायचे. कोबी परत, दुधाचा मोठा डबा परत. तो महिना आम्ही डाळभात आणि पेणहून आणलेले पोह्याचे पापड यांवर काढला. यांचं वजन उतरलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या श्रीवर्धनच्या भाभींनी मला समोर बसवलं. “पगार रियालात येतो ना? मग भाजी पण रियालातच मोज. रुपये फक्त घरी पाठवायच्या दिवशी मोजायचे.” त्या वीस वर्षं तिथे होत्या. मी मोजणं बदललं आणि दुसऱ्या दिवशी टोमॅटो घेतले.

मजा म्हणजे रियालचे सुटे ‘बैसा’, आपला पैसाच तो. १९७० पर्यंत ओमानमध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने छापलेला गल्फ रुपया चालत होता. म्हणजे भाभींच्या आधीच्या पिढीतल्या कोकणी माणसाला तिथे गुणाकार करावाच लागला नसेल.

२. भाव तासांत मोजावा.

ही युक्ती लेकीने दाखवली. एडिसनला दुधाचा कॅन घेताना मी पुन्हा डॉलरचे रुपये करायला लागले तर ती म्हणाली, “आई, हे घ्यायला माणसाला किती वेळ राबावं लागतं ते बघ.” मी घरी येऊन वहीत मांडलं. न्यू जर्सीत २०२५ साली कमीत कमी मजुरी तासाला १५.४९ डॉलर. एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या वर दूध, चार-साडेचार डॉलरला. सगळ्यात कमी पगाराच्या माणसालाही एक लिटर दुधासाठी पाच मिनिटांहून कमी राबावं लागतं.

आता आपलं. महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. आठ तास धरले तर तासाला ३९. रोह्यात मी लिटरमागे साठच्या आसपास रुपये मोजते. म्हणजे रोजगार हमीवर जाणाऱ्या बाईला एका लिटरसाठी दीड तास माती उचलावी लागते. हे मांडल्यावर मी बराच वेळ वही मिटली नाही. ‘आपल्याकडे दूध स्वस्त’ असं मी इतकी वर्षं सांगत आले होते. ते माझ्यासाठी स्वस्त होतं, कारण यांनी पगार रियालात आणला.

सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत खेड्यातल्या घराच्या खर्चातले सुमारे ४६ टक्के आणि शहरातल्या घराचे ३९ टक्के खाण्यावर गेलेले दिसतात. अमेरिकेत हाती येणाऱ्या उत्पन्नातले साधारण ११ टक्के जातात आणि त्यातला अर्ध्याहून जास्त भाग बाहेरच्या खाण्याचा. तिथे पगार जातो तो घरभाडं, विमा आणि पाळणाघर यांत. लेकीच्या घरी महिन्याच्या वाणसामानाची चिंता कुणी करत नाही, पण दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की दोघं आधी कागद काढून बसतात.

३. घरच्या पाल्याची तिथे पुडी होते.

रोह्यात कढीपत्ता परसात. भाजीवालीकडे मागितला तर ती वर टाकते. एडिसनच्या भारतीय दुकानात दहा-बारा काड्यांच्या पुडीला दीड डॉलर. शेवग्याच्या शेंगा तर मोजून घ्यायच्या. उलट बदाम! आपल्या बाजारातले बरेचसे बदाम कॅलिफोर्नियातूनच येतात. तिथे लेक ते मुठीने खाते, इथे मी दिवाळीला मोजून भिजत घालते. आंब्याचंही असंच. अमेरिकेने २००७ साली आपल्या आंब्याला दार उघडलं, पण विकिरण करून घेण्याच्या अटीवर, आणि तो बहुतेक विमानानेच जातो. मस्कतला मात्र हापूसची पेटी समोरच्या किनाऱ्यावरून यावी तशी यायची. अंतर, कागद आणि तपासणी, हे सगळं फळाच्या अंगावर चढतं.

४. मासा तोच असतो, नाव आणि पाणी बदलतं.

पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या गावांत, घराशेजारी तळं असतं आणि तळ्यात जिताडा सोडलेला असतो. माझ्या आजोळी तो पाहुण्यासाठी राखून ठेवत. जावई येणार म्हटलं की मामा जाळं टाकायचे. पांढरंशुभ्र, जाड कापांचं मांस, काट्याचा त्रास नाही. पेणच्या बाजारात चांगला जिताडा आजही भाव खातो, आणि घ्यायला जावं तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.

एडिसनजवळच्या एका मोठ्या दुकानात गोठवलेल्या माशांच्या कपाटात मला ‘बारामुंडी’ असं लिहिलेलं पाकीट दिसलं. डोकं नाही, शेपूट नाही, कातडं काढलेले चौकोनी तुकडे. मागे लिहिलं होतं, व्हिएतनाममध्ये वाढवलेला. घरी आणून हळद, आगळ, लसूण लावून तव्यावर टाकला. पहिल्या घासाला मी थांबले. जावयाने फोनवर शोधून सांगितलं, “आई, हा तुमचा जिताडाच. जात एकच.” चव मात्र सपक होती. आमचा जिताडा भरती-ओहोटीच्या मचूळ पाण्यात कोळंबी खाऊन वाढतो. हा कारखान्यातलं खाद्य खाऊन. पण त्याचं पाकीट वर्षभर त्याच भावाला, त्याच कपाटात मिळतं. ही सोय लहान नाही, हेही कबूल करते.

डोक्याचं मला जास्त वाईट वाटलं. जिताड्याच्या डोक्याचं कालवण होतं, आणि आमच्याकडे त्यासाठी भांडणं होत. मस्कतला मत्र्याच्या मासळीबाजारात सुरमईचं डोकं मागितलं तर कोळी तसंच देऊन टाकायचा. आमच्याच अरबी समुद्राला जोडलेलं आखात, पण तिथे तुकड्याला किंमत आणि डोक्याला नाही. एडिसनला डोकं हवं तर चिनी दुकानात जायचं. तिथल्या बाया मासा निवडताना आधी कल्ले उघडून बघतात, पेणच्या बायांसारख्या. मला तिथे कधी परकं वाटलं नाही.

५. आगोट सगळीकडे असते.

मे महिन्यात रोह्यातल्या घरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, खरेदी व्हायची. भात गिरणीवरून भरडून आणायचं, पांढऱ्या कांद्याच्या माळा आढ्याला टांगायच्या, सोडे, सुकट, बोंबील उन्हं देऊन डब्यात भरायचे, मीठ-मसाला-पापड वेगळे. एकदा कुंडलिका दुथडी भरली की चार महिने बाजाराचा भरवसा नसे. सासूबाई म्हणायच्या, “हात लांब करायला लागू नये.” लेकीसोबत पहिल्यांदा कॉस्टको नावाच्या मोठ्या दुकानात गेले तेव्हा लोकांच्या गाड्यांवर चढलेली तांदळाची पोती, तेलाचे कॅन आणि कागदाचे ढीग बघून मला सासूबाईच आठवल्या. बर्फाचा इशारा आला की दूध, पाव आणि अंडी संध्याकाळपर्यंत संपतात. फरक एवढाच की आमची आगोट आढ्याला टांगलेली असायची, त्यांची फ्रीजरमध्ये.

२०२३ च्या जुलैत मी तिथेच होते. २० तारखेला भारताने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. इथे भाव चढू नयेत म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भारतीय दुकानात सोना मसुरीसाठी रांग. एका घराला एकच पिशवी, असा कागद दारावर. रांगेत आंध्रची, तमिळ, मराठी माणसं. लेक घाबरली होती. मी, भाताचं कोठार म्हणवणाऱ्या जिल्ह्यातली बाई, परक्या देशात तांदळासाठी रांगेत उभी होते. दिल्लीत निघालेला एक आदेश एडिसनच्या कुकरपर्यंत तीन दिवसांत पोचला. त्याच वर्षी डिसेंबरात कांद्याची निर्यात थांबली, तेव्हा मस्कतहून जावेचा फोन आला, “वहिनी, आपल्याकडचा पांढरा कांदा कुणी येत असेल तर पाठवा.”

६. छापील किंमत ही आपल्याकडची चांगली गोष्ट आहे.

आपल्या पाकिटावर जास्तीत जास्त किंमत छापलेली असते. रोह्यातल्या दुकानात असो की शेजारच्या धाटावच्या, त्याहून जास्त कुणी मागू शकत नाही. अमेरिकेत पाकिटावर किंमतच नसते, दुकान ठरवील ती. तोच डबा दोन दुकानांत दोन भावांना. वयस्कर माणसाला हे फार दमवणारं आहे. मी फळीवरच्या बारीक अक्षरातला वजनामागचा भाव वाचायला शिकले, तेवढं पुरलं.

७. स्वस्त दिसेल तिथे हात कुणाचे आहेत ते बघावं.

कॉस्टकोत भाजलेली अख्खी कोंबडी ४.९९ डॉलरला मिळते. २००९ पासून तीच किंमत. शिजवलेली, गरम, डब्यात घातलेली. अनेक दुकानांत कच्ची कोंबडी त्याहून महाग असते. रोह्यात गावठी कोंबडी घ्यायची तर त्याच्या पुढे रुपये जातात आणि साफ करून शिजवायचे कष्ट वेगळे. मी लेकीला म्हटलं, “इथे जेवण स्वस्त आहे गं.” ती म्हणाली, “यंत्राने होतं ते स्वस्त. हाताने करायला सांगून बघ.”

मग आम्ही बिरडं, म्हणजे मोड आलेल्या सोललेल्या वालांची उसळ, करायचं ठरवलं. कडवे वाल भारतीय दुकानात मिळाले. हे वाल आमच्याकडे भात कापल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर येतात, पाणी घालावं लागत नाही. अर्धा किलो रात्री भिजत घातले, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून ठेवले, मोड आले. मग कोमट पाण्यात टाकून सोलायला बसलो, मी आणि लेक. वाल अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबायचा, की डाळिंबी सालीतून सुटून बाहेर येते. मोड तुटता कामा नये. जोर जास्त झाला तर डाळिंबी दुभंगते. पहिला अर्धा तास गप्पांत गेला. दीड तासाने लेकीची बोटं सुरकुतली, नखाशी हुळहुळायला लागलं. पाऊण तास आणखी लागला. तिने सहज हिशेब केला. इथे कुणाला ताशी मजुरी देऊन हे सोलून घेतलं असतं तर दोघींचे मिळून साठ-सत्तर डॉलर नुसत्या सोलण्याचे. वाल, तेल, नारळ, आमसूल सगळं वेगळं. “आई, पेणला सोललेलं बिरडं आपण कितीला घेतो?”

मला उत्तर माहीत होतं आणि ते उच्चारवेना. श्रावणात, गौरी-गणपतीत पेणच्या बाजारात खारेपाटातल्या बाया सोललेलं बिरडं वाटीवर विकतात. वालाचा भाव आणि सोललेल्याचा भाव यांत जो फरक असतो, तीच सोलणावळ. तासाभराच्या कामाचे त्यात जे पडतात त्यात घरापर्यंतचं रिक्षाभाडंही निघणार नाही. आणि तेवढ्यासाठीही आम्ही ‘दोन रुपये कमी कर’ म्हणतो. पापड लाटणाऱ्या बायांचं तेच. पेणचा पापड देशोदेशी गेला, मस्कतच्या माझ्या डब्यात होता, पण लाटणारीला मिळतात ते लाट्यांच्या मोजणीने. मी इतकी वर्षं परदेशात असताना ‘आपल्याकडची चव’ म्हणून ज्याला मिठी मारत होते, त्यातला मोठा भाग या हातांचा होता आणि तो कुठल्याच बिलात नव्हता. हे मला उशिरा कळलं, याचं वाईट वाटतं.

मागच्या श्रावणात पेणला गेले होते. पाऊस थांबून थांबून पडत होता. बाजारात निळ्या प्लास्टिकखाली एक आजी दोन टोपल्या घेऊन बसली होती. एकीत सोललेलं बिरडं पाण्यात, दुसरीत कुरडूची भाजी. मी विचारलं, “कधी सोललंत?”

“पहाटं चारला बसले ताय. एकटीच. सून धाटावला कंपनीत जाते, ती नाय बसत.”

“मग पुढे कोण सोलणार?”

तिने वाटी भरता भरता खांदे उडवले. अंगठ्याचं नख पिवळं पडून कडेला चिरलेलं होतं. भाव सांगितला तो मागच्या वर्षापेक्षा वाटीमागे दहा रुपये जास्त होता. शेजारची गिऱ्हाईक बाई म्हणाली, “एवढं कुठं असतं?” मी चार वाट्या घेतल्या, सांगितले तेवढे पैसे दिले. आजीने वरून मूठभर टाकायला हात पुढे केला, तर मी डबा बाजूला घेतला. तिला कळेना. मग तिने ती मूठ पुन्हा पाण्यात सोडली आणि कुरडूची एक जुडी माझ्या पिशवीत कोंबली.