नवरीच्या हातातली फुले आपल्याच मळ्यातली



पास्काचा सण झाला की आपल्या बेळगाव-खानापूर भागात लग्नांची घाई सुरू होते. कपडे, जेवण, बँड यांचा विचार आपण महिनोन्महिने करतो. नवरीच्या हातातल्या गुच्छाची आठवण मात्र शेवटच्या आठवड्यात होते. आमच्याच घरच्या एका लग्नात असे झाले. मे महिन्यात शहरातून महागडे गुलाब मागवले. थंड कोठीतून निघालेली ती फुले दुपारच्या उन्हात जीपमधून आली आणि मिस्सा सुरू होण्यापूर्वीच त्यांनी माना टाकल्या. परड्यातला निशिगंध मात्र टवटवीत उभा होता! त्या दिवशी शिकलो ते सांगतो.

फूल हंगाम पाहून निवडावे. नाताळानंतर उपवासकाळ लागेपर्यंतच्या लग्नांना शेवंती, ॲस्टर आणि गुलाब चांगले. एप्रिल-मेमध्ये निशिगंध आणि मोगरा. मोगऱ्याला दांडा नसतो, म्हणून त्याच्या कळ्यांचे सर ओवून गुच्छाखाली सोडावेत. निशिगंधाची एकेरी जात हारांना बरी, गुच्छाला दुहेरी जात घ्यावी. बंगळुरूजवळच्या हेस्सरघट्टा येथील बागायती संशोधन संस्थेची ‘सुवासिनी’ ही अशीच दुहेरी जात आहे. कंद लावल्यापासून दांडे येण्यास साडेतीन-चार महिने लागतात. म्हणजे मेमधल्या लग्नासाठी डिसेंबरातच लागण हवी.

घरची फुले म्हणजे कमीपणा, असे कोणी मानू नये. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८४० साली आपल्या लग्नात हिऱ्यांचा मुकुट न घालता संत्र्याच्या फुलांचाच मुकुट घातला होता.

तोडणी व निगा अशी करावी:

१. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर किंवा त्याच दिवशी पहाटे दांडे कापावेत. निशिगंधाची खालची दोन-तीन फुले उमललेली असावीत.

२. धारदार चाकूने तिरपा काप द्यावा, खालची पाने काढावीत आणि दांडे लगेच स्वच्छ पाण्यात ठेवावेत.

३. फुलांची बादली आंब्याच्या अढीजवळ किंवा केळ्यांच्या घडाजवळ ठेवू नये. पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूने फुले लवकर कोमेजतात.

४. गुच्छ हलका बांधावा. नवरीला तो बराच वेळ हातात धरायचा असतो.

आता आरोग्याच्या दोन गोष्टी. पांढरी कण्हेर दिसायला सुंदर, फुकट मिळणारी. पण तिचे पान, फूल, चीक सारेच विषारी असून हृदयावर परिणाम करते. फुले उधळणाऱ्या लहान मुली हातातले फूल सहज तोंडात घालतात. म्हणून कण्हेर, पिवळी बिट्टी आणि कळलावी गुच्छात किंवा त्यांच्या परडीत कदापि नको. दुसरे, गुच्छासाठी राखलेल्या ओळीवर लग्नाआधी पंधरा दिवस औषध फवारू नये. ती फुले नवरीच्या चेहऱ्याजवळ असतात, हे विसरू नये.

लग्नविधीनंतर पुष्कळ ठिकाणी नवरी आपला गुच्छ मारियामाउलीच्या वेदीपुढे ठेवते. आईबापांनी पाणी घालून वाढवलेली फुले तेथे ठेवताना तिला जे वाटेल, ते बाजारच्या बुकेत कोठून येणार?

या घरी पुढच्या वर्षी लग्न असेल, त्यांनी एक वाफा आजच राखून ठेवावा.