कळवळ्याला हजेरीपट हवा

वाचन : लूक 10:25-37, नहेम्या, अध्याय 4



मागच्या नाताळच्या उपासनेला आमचे सभागृह गच्च भरले होते. पाड्यांवर वाटायला आलेल्या ब्लँकेटची पोती ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी ती मागच्या दाराला लावून ठेवली. मेणबत्त्या पेटवायची वेळ आली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका आजींनी मला हळूच विचारले, "ताई, इथे काही पेटलं तर आम्ही म्हाताऱ्यांनी कुठून बाहेर पडायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. देवाच्या दयेने काही झाले नाही. पण त्या प्रश्नामुळे मला चिली देशातली एक जुनी घटना आठवली, आणि या तिमाहीचा पाठ त्यावरच लिहावा असे ठरवले.

एक संध्याकाळ

8 डिसेंबर 1863. चिलीची राजधानी सांतियागो. तेथील 'कोंपानिया' नावाच्या कॅथलिक चर्चमध्ये मरियेच्या महिन्याची शेवटची उपासना होती. मंदिर माणसांनी भरले होते आणि त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. सजावटीसाठी असंख्य दिवे लावलेले होते. वेदीजवळच्या एका दिव्याची ज्योत सजावटीच्या कापडाला लागली आणि पाहता पाहता आग लाकडी छतापर्यंत गेली.

लोक दाराकडे धावले. बाजूची दारे बंद होती. मुख्य दारात पहिली काही माणसे पडली, त्यांच्यावर मागची पडली आणि वाटच बुजली. त्या काळच्या घेरदार झग्यांमुळे स्त्रियांना उठताही येईना. बाहेरचे लोक हात धरून ओढत होते, पण थोडीच माणसे निघाली. दोन हजारांहून अधिक जीव गेले. शहरात असे घर क्वचितच असेल, ज्याने कोणाला तरी गमावले नाही.

बारा दिवसांत काय झाले

शहराने शोक केला. पण होसे लुईस क्लारो नावाच्या एका तरुणाला रडणे पुरेसे वाटले नाही. त्याने वर्तमानपत्रात छोटीशी सूचना दिली : आग विझवणारे पथक उभारण्याची इच्छा असलेल्या तरुणांनी 14 डिसेंबरला भेटावे. लोक जमले, आणि 20 डिसेंबर 1863 रोजी सांतियागोच्या स्वयंसेवक अग्निशामक दलाची रीतसर स्थापना झाली. दुर्घटनेपासून फक्त बारा दिवसांत.

नमुना त्यांच्यासमोर होताच. वालपाराइसो या बंदरात 1850 च्या डिसेंबरात मोठी आग लागली होती. त्यानंतर तेथील लोकांनी 30 जून 1851 रोजी स्वयंसेवकांचे दल स्थापन केले होते. परदेशातून येऊन स्थायिक झालेले लोकही त्यात मागे राहिले नाहीत. वालपाराइसोत जर्मनांनी आपली तुकडी काढली, तर सांतियागोत फ्रेंचांनी. ज्या गावात आपण परके म्हणून आलो, त्या गावाची घरे वाचवणे हेच आपले नागरिकत्व, असे जणू त्यांनी मानले.

पगार नाही, उलट वर्गणी

आज चिलीत पन्नास हजारांहून अधिक स्त्री-पुरुष या सेवेत आहेत. बंबाचे चालक आणि निरोप घेणारे असे काही जण पगारी असतात. पण आगीत शिरणारा शिक्षक, सुतार, वकील, विद्यार्थी एक पैसाही घेत नाही. उलट आपल्या तुकडीला तो नियमित वर्गणी देतो. सरकार काही मदत करते, बाकीचे पैसे सोडती काढून आणि रस्त्यावर डबे घेऊन जमवले जातात.

तुकडीचे पदाधिकारी सभासदच निवडतात. सरावाला आणि बैठकीला हजेरी घेतली जाते. वर्षानुवर्षे नेमाने हजर राहणाऱ्याचा सन्मान होतो. पाळीप्रमाणे काही जण रात्री बंबाच्या ठाण्यातच झोपतात आणि सकाळी उठून आपापल्या कामाला जातात. मुलांसाठीही वेगळी पथके असतात. त्यामुळे ठाणे हे नुसते बंब ठेवायचे ठिकाण राहत नाही. तेथे एकत्र जेवणे होतात, म्हातारे सभासद येऊन बसतात, बापाच्या तुकडीत मुलगा दाखल होतो.

या सेवेची किंमतही त्यांनी मोजली आहे. 8 डिसेंबर 1870 रोजी, म्हणजे चर्चच्या आगीला बरोबर सात वर्षे झाली त्याच तारखेला, सांतियागोचे नाट्यगृह जळाले. ती आग विझवताना हेर्मान तेंदेरिनी हा स्वयंसेवक मरण पावला. तो इटलीहून आलेला संगमरवराचा कारागीर होता. त्या दलातला सेवेत मेलेला तो पहिला. नाट्यगृहाशेजारच्या रस्त्याला आज त्याचे नाव आहे.

आपल्यासाठी बोध

चांगल्या शोमरोन्याला कळवळा आला, हे आपण लहानपणापासून शिकतो. पण तो तेथेच थांबला नाही. त्याने जखमा बांधल्या, उतारशाळेचे पैसे दिले आणि परत येताना उरलेला खर्च देण्याचा शब्द दिला. नहेम्याच्या लोकांनीही भिंत पडल्याचे दुःख पाळ्या लावून, रात्रीचे पहारे ठेवून कामाला लावले. कळवळा एका रात्रीत येतो, आणि व्यवस्था नसेल तर तेवढ्याच लवकर थंड होतो. त्याला टिकवतात त्या साध्या गोष्टी : नावांची यादी, ठरलेली वेळ, वर्गणी आणि हजेरी.

आपण जेथे काम करतो त्या पाड्यांवर तालुक्याचा बंब पोहोचेपर्यंत कुडाचे, गवताने शाकारलेले घर उरत नाही. तेथे आग विझवतात ते शेजारीच. हंडे, कळश्या घेऊन ते न बोलावता येतात. धावून येण्याची वृत्ती त्यांना आपण शिकवायची गरज नाही. आपण त्यांच्यासोबत बसून एवढेच ठरवू शकतो की पाण्याचे पिंप कोठे भरलेले असेल, शिडी कोणाकडे असेल, आणि म्हाताऱ्यांना व लेकरांना बाहेर कोण काढील.

आणि सुरुवात आपल्या मंदिरापासून. या नाताळला आमच्या सभागृहाचे मागचे दार उघडे राहील. त्या दाराजवळ उभे राहण्याची पाळी तरुण संघातील दोघांनी घेतली आहे, आणि त्यांची नावे फळ्यावर लिहिली आहेत. त्या आजींना मी ती वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "आता मेणबत्ती धरायला भीती नाही."

गटचर्चेसाठी

1. आपल्या मंदिराची किती दारे उपासनेच्या वेळी खरोखर उघडी असतात? ती आत उघडतात की बाहेर? मधली वाट मोकळी असते का?

2. शोमरोन्याने कळवळा आल्यानंतर कोणकोणत्या गोष्टी केल्या? त्यांची यादी करा. आपल्या मंडळीच्या सेवेत यांतली कोणती राहून जाते?

3. गेल्या वर्षभरात कोणत्या संकटाने आपल्याला हळहळ वाटली? त्यासाठी आज कोणाचे नाव कोणत्या पाळीवर आहे?

4. आगीच्या वेळी कोणी काय करायचे, हे ठरवण्यासाठी आपण कोणत्या पाड्यावर आणि कोणत्या दिवशी जाऊन बसणार? तारीख आजच लिहून ठेवा.