आधी टायर, मग टॅक्सी

लेगोच्या ठोकळ्यांतून एखादी खरी गाडी मापात उतरवायची असेल तर बॉनेटपासून सुरुवात करू नका. दिव्यांपासूनही नको, आणि ज्या वळणावर तुमचा जीव जडलाय तिथून तर मुळीच नको. सुरुवात टायरपासून करा. बाकी सगळं ठोकळे जोडून घडवता येतं, टायर घडवता येत नाही. तो ज्या व्यासाचा ओतलेला असेल तसाच घ्यावा लागतो, आणि गाडीचं प्रमाण तो ठरवून टाकतो. तुम्ही फक्त त्याचं ऐकायचं असतं.

हे मला कळलं ते प्रीमियर पद्मिनी बांधताना. तीच, मुंबईची काळी-पिवळी. ही गाडी मुळात इटलीची फियाट ११००. १९६४ पासून ती ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. कडा थोड्या टोकदार, पोट गोल, मागे बुटके पंख, पुढे दोन गोल दिवे. ठोकळ्यांसाठी मध्यम अवघड गाडी, असा माझा अंदाज होता. रंगांची तर चैनच, कारण काळ्या आणि पिवळ्या रंगात न मिळणारे तुकडे फार थोडे.

बॉनेट मनासारखं जमलं. मग चाकं लावली. हाताशी ४३.२ मिलिमीटर व्यासाचे, २२ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. ते लावल्यावर समोर टॅक्सी नव्हती, रॅलीला निघालेलं काहीतरी होतं. कारण साधं आहे. पद्मिनीचा टायर ५.२०-१४ मापाचा, म्हणजे रुंदी जेमतेम १३२ मिलिमीटर आणि उभा व्यास साधारण ६० सेंटीमीटर. माझ्या मॉडेलवर त्या २२ मिलिमीटरचे प्रत्यक्षातले ३० सेंटीमीटर होत होते. आपल्या डोळ्याला गाडीचं मॉडेल ‘खोटं’ वाटतं तेव्हा दहातल्या आठ वेळा दोष चाकात असतो. आपण मात्र तो दिव्यांत नि जाळीत शोधत बसतो.

म्हणून हा हिशेब कागदावर आधी करा. ४३.२ व्यासाचाच, पण १४ मिलिमीटर रुंदीचा टायरही असतो. माप टायरच्या अंगावरच कोरलेलं असतं, वाचायची सवय लावून घ्या. खरा व्यास भागिले मॉडेलचा व्यास केलं की प्रमाण येतं १:१४. आता पद्मिनीची मापं त्यात घाला. लांबी सुमारे ३९३० मिलिमीटर, म्हणजे ३५ स्टड (ठोकळ्यावरचे गोल उंचवटे). व्हीलबेस सुमारे २३४०, म्हणजे २१ स्टड. उंची सुमारे १४७०, म्हणजे जमिनीपासून टपापर्यंत ११ ब्रिक. रुंदी सुमारे १४६०, म्हणजे १३ स्टड. एक स्टड म्हणजे रस्त्यावरचे ११ सेंटीमीटर आणि एक प्लेट (पातळ, चपटा ठोकळा) म्हणजे साडेचार, एवढं पाठ करून ठेवा. पुढचे सगळे वाद या दोन आकड्यांवर मिटतात.

वाद सुरू होतो तो त्या १३ वर. लेगोचं जग सम संख्यांचं आहे. काचा, मडगार्डं, बहुतेक रुंद प्लेटा सगळ्या दोन, चार, सहा. विषम रुंदी म्हटली की मोह होतो, करू या बाराची किंवा चौदाची, कोणाला कळतंय? कळतं. बाराची पद्मिनी खऱ्या गाडीपेक्षा ११ सेंटीमीटरनी अरुंद होते आणि पुढून उपाशी दिसते. चौदाची केली तर अँबेसेडरची बहीण. मी तेरावर ठाम राहिलो आणि त्याचा एक फायदा अनपेक्षितपणे पदरात पडला. विषम रुंदीत बरोबर मध्यरेषेवर स्टड येतो, त्यामुळे जाळीच्या मधलं चिन्ह आणि बॉनेटवरची मधली रेघ नेमकी बसते. सम तुकडे विषम अंगावर बसवायला जंपर प्लेट लागतात, म्हणजे दोन स्टडच्या जागेत मधोमध एकच स्टड असलेली प्लेट. त्या भरपूर लागतात.

दुसरी युक्ती याहून महत्त्वाची. ठोकळे फक्त वर वर रचत गेलात तर गाडीच्या दोन्ही बाजू पायऱ्यांसारख्या निघतात. बाजू आडव्या रचाव्या लागतात, म्हणजे स्टडचं तोंड बाहेरच्या दिशेला. लेगो बांधणाऱ्या मंडळींच्या बोलीत याला स्नॉट म्हणतात. इथे लेगोचं अंकगणित मदतीला येतं. प्लेटची जाडी ३.२ मिलिमीटर, स्टडमधलं अंतर ८. पाच प्लेट म्हणजे १६ मिलिमीटर, आणि दोन स्टडही बरोबर १६. म्हणून माझ्या पद्मिनीचा गाभा ९ स्टड रुंद आहे आणि दोन्ही अंगांना पाच-पाच प्लेट जाडीच्या आडव्या भिंती आहेत. नऊ अधिक दोन अधिक दोन, झाले तेरा. त्या पाच प्लेटच्या जाडीतच दाराचा फुगवटा, खालची कड, चाकावरची कमान, सगळं कोरायचं. ब्रॅकेटच्या, म्हणजे काटकोनात वळलेल्या तुकड्याच्या, पत्र्याची जाडी प्लेटच्या निम्मी असते, त्यामुळे अर्ध्या प्लेटचाही फरक साधता येतो. ज्याला हे पाच-दोनचं गणित कळलं त्याने निम्मी गाडी जिंकली. ते न कळता ज्यांनी सुंदर गाड्या केल्यात असे लोकही मी पाहिलेत, पण त्यांच्या हाताला देणगी आहे. आपण गणितावर भिस्त ठेवलेली बरी.

आता स्क्रीनविषयी. आज बहुतेक जण आधी संगणकावर बांधतात आणि ते योग्यच आहे. या सगळ्याचा पाया एलड्रॉ नावाच्या तुकड्यांच्या संग्रहाने घातला. १९९५ मध्ये जेम्स जेसीमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने तो सुरू केला, दोनच वर्षांत जेसीमनचं निधन झालं, पण जगभरच्या हौशी लोकांनी संग्रह वाढवत नेला. आता ब्रिकलिंक या सुट्या तुकड्यांच्या ऑनलाइन बाजाराचं ‘स्टुडिओ’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि ते छान आहे. पण स्क्रीनवर गुरुत्वाकर्षण नसतं. तिथे एका स्टडवर लटकलेला बंपर जन्मभर लटकून राहतो. टेबलावर तो चहाचा कप ठेवल्याच्या हादऱ्याने पडतो. तुकडे एकमेकांत घुसले, जोड कच्चा राहिला, तर ते सॉफ्टवेअर इशारा देतं. तो इशारा बंद करून पुढे जाण्याची सोयही देतं, आणि ती सोयच घात करते.

स्क्रीनचा दुसरा खोटेपणा रंगाचा. कोणताही तुकडा कोणत्याही रंगात रंगवता येतो, पण तो त्या रंगात कधी निघालाच नसेल तर काय? काळ्या-पिवळ्याला हा त्रास कमी. तुम्ही फिकट हिरवी किंवा आकाशी गाडी घेतलीत तर आधी तुकड्यांची यादी त्या रंगात तपासा, मग वळणांच्या प्रेमात पडा. गडद लाल आणि तपकिरी रंगांत तर आणखी एक धोका आहे. काही वर्षांत निघालेले या रंगांचे तुकडे ठिसूळ आहेत, जुन्या बाजारातून घेतलेत तर जोडताना कडकन मोडतात. पांढरा आणि राखाडी उन्हाने पिवळा पडतो, तेव्हा खिडकीतली जागा त्यांना देऊ नका.

तिसरा खोटेपणा मला फार उशिरा लक्षात आला. स्क्रीनवर आपण गाडीच्या नजरेच्या पातळीला जाऊन बघतो, खालून बघतो, दिव्याच्या आत शिरून बघतो. घरात मात्र मॉडेल कमरेएवढ्या टेबलावर असतं आणि माणूस ते वरून, तिरपं बघतो. त्याला दिसतं टप, बॉनेट आणि डिकी. मी खालच्या सायलेन्सरवर जेवढा वेळ घालवला तेवढा टपाच्या गोलाईवर घालवायला हवा होता, असं माझ्या बायकोचं मत आहे आणि ते बरोबर आहे.

टपाचीच गोष्ट पुढे सांगतो, कारण गाडी मोडते ती तिथेच. पद्मिनीच्या खिडक्यांमधले खांब बारीक आहेत. १:१४ ला ते ३.२ मिलिमीटरच्या दांडीने हुबेहूब साधतात, क्लिप लावून हवे तसे कललेलेही राहतात. दिसायला देखणं. वर पिवळ्या कर्व्ह्ड स्लोपांचा भरगच्च टप, त्यावर कॅरियर. आमच्या सोसायटीच्या गणपतीत देखाव्याचा विषय जुनी मुंबई होता, तिथे माझी टॅक्सी मांडली. एका पाहुण्यांनी कौतुकाने उचलली. कुठून? टपाने. खेळण्यातली गाडी प्रत्येक जण टपानेच उचलतो, त्यात पाहुण्यांची काही चूक नाही. टप त्यांच्या हातात राहिला आणि टॅक्सी फरशीवर गेली. मोदकांच्या ताटाखालून तुकडे वेचण्यात ती संध्याकाळ संपली.

पहिला विचार आला की खांब जाड करावेत. तो करू नका, गाडीचा चेहरा जातो. मी उलटं केलं: टप मुद्दाम सैल ठेवला. आता तो फक्त चार स्टडवर टेकतो. कुणी उचललाच तर अलगद सुटतो, गाडी जागेवर राहते आणि आतलं स्टीअरिंगच्या दांड्यावरचं गिअरही लोकांना दिसतं. ताकद सगळी खाली घातली. चौकटीत लेगो टेक्निकच्या भोकांच्या ब्रिकांचा कणा, त्याच्या वर-खाली प्लेटांचे दोन थर, आणि गवंडी विटा रचतो तसे सांधे सरकवलेले. एकाखाली एक सांधा आला की २१ स्टडच्या व्हीलबेसमध्ये पोट खाली येणारच. पहिल्या दिवशी दिसत नाही, पुढे हळूहळू दारांच्या फटी वर उघडू लागतात.

दारं उघडतील अशी करावीत का, हे मला सगळे विचारतात. चार दारं, बिजागऱ्या आणि गोल पोट हे तिन्ही एका गाडीत मागू नका. बिजागरीला जागा लागते आणि ती त्या पाच प्लेटच्या भिंतीतूनच जाते. मी दारं बंद ठेवली. डिकी उघडते. पोरांना डिकी पुरते.

जोडांबद्दल एक सावधगिरी. दोन ओळींतल्या स्टडच्या मधल्या फटीत प्लेट उभी सरकवता येते, फट ३.२ आणि प्लेटही ३.२. बसते, म्हणून लोक बसवतात. पण तिथे जराही वाव नाही, तुकडा कायम ताणाखाली राहतो आणि कालांतराने पांढरी रेघ उमटून चिरतो. लेगोचे डिझायनर जेमी बेरार्ड यांनी २००६ मध्ये अशा चुकीच्या जोडांवर चित्रांसह एक सादरीकरण केलं होतं. ते शोधून बघाच. जाळीच्या पट्ट्यांसाठी हा मोह हमखास होतो. त्यापेक्षा जाळीच्या टाइल घ्या.

मापांसाठी फोटो वापरणार असाल तर मोबाइलने जवळून काढलेला फोटो फेकून द्या. त्यात पुढचा भाग फुगतो आणि तुम्ही इमानेइतबारे तो फुगवटा ठोकळ्यांत उतरवता. लांब उभं राहून झूम करून काढलेला, बरोबर बाजूचा फोटो हवा. इंटरनेटवरच्या आराखड्यांतही व्हीलबेस आणि लांबी यांचं गुणोत्तर आधी मोजून बघा. पद्मिनीला ते ०.६ च्या थोडं खाली यायला हवं. खरी गाडी मिळाली तर टेप घेऊन जा. टॅक्सी स्टँडवर आता ती नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तो अध्याय मिटला. पण खाजगी पद्मिनी जपणारे लोक आहेत, आणि बंपरची उंची मोजू द्या म्हटलं की ते नाही म्हणत नाहीत. उलट तासभर सोडत नाहीत.

राहिला पैसा. सुटे तुकडे बहुतेक परदेशातून येतात. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. त्यामुळे चार तुकडे विसरले म्हणून चार तुकड्यांचं पार्सल मागवणं परवडत नाही, टपालखर्चच तुकड्यांच्या कितीतरी पट होतो. यादी एका किंवा दोन विक्रेत्यांत बसेल अशी करा. एखादा दुर्मीळ तुकडा तिसऱ्याकडेच मिळत असेल तर त्याच्याऐवजी डिझाइन बदला. ऑर्डर देण्याआधी घरात असलेल्या कोणत्याही रंगाच्या तुकड्यांतून गाडीचं निम्मं अंग, निदान पुढच्या चाकापासून खांबापर्यंतचा भाग, प्रत्यक्ष जोडून बघा. माझी ती चाचणी-गाडी लाल, निळी, पांढरी आणि गुलाबी होती आणि तिनेच मला सांगितलं की पुढचं चाक वळवलं की मडगार्डला घासतंय.

आणि जंपर प्लेट, ब्रॅकेट आणि काळ्या एक-बाय-दोनच्या प्लेट हिशेबापेक्षा जास्तच मागवा. त्या सोफ्याखाली जातात.